लायलॅक असेल तर पुण्याला

१. पानं समोरासमोर . . . . . . . . २
१. पानं एकाआड एक . . . . . . . . हे झुडूप नाही. दुसरं शोधा.

पानं समोरासमोर होती. इथपर्यंत कुणाचंच दुमत नव्हतं.

बाबा याला चावी म्हणतात. दोन वाक्यं, त्यातलं एकच खरं. जे खरं असेल त्याच्यापुढचा आकडा धरायचा आणि पुढच्या जोडीकडे जायचं. शेवटी आकडा संपतो आणि नाव उरतं. पुण्यातल्या कॉलेजात बाबांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणजे खरं तर हेच शिकवलं: घाई करायची नाही, एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर झाडाला विचारायचं, मनाला नाही.

झाड, म्हणजे झुडूप, ओबेरॉन नावाच्या गावाच्या पुढे होतं. तिथे एका जुन्या फार्महाऊसचं नुसतं धुराडं उभं आहे. भिंती गेल्या, छप्पर गेलं, माणसं कधीच गेली. धुराडं राहिलं आणि धुराड्यामागे हे रान. माणसापेक्षा उंच, आत हात घातला तर कोपर अडकेल इतकं दाट. एप्रिल संपत आला होता. इथला, म्हणजे दक्षिण गोलार्धातला, एप्रिल म्हणजे पानगळ, हे मला इतक्या वर्षांनीसुद्धा दर वेळी नव्याने समजावून घ्यावं लागतं.

आम्हाला तिथे आणलं डोरीनने. डोरीन मूळची वसईची, वेस्टमीडला मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे तिथेच वरच्या मजल्यावर नर्स. महिन्यातल्या एका रविवारी ती स्वयंसेवकांबरोबर इथे तण काढायला येते. एका हातात वाकडी करवत, कमरेला निळ्या औषधाची बाटली. खोड कापायचं आणि लगेच कापल्या जागी निळं बोट फिरवायचं. औषध खाली मुळात उतरतं, मग ते पुन्हा फुटत नाही. बाकीचे स्वयंसेवक खाली ओढ्याकाठी ब्लॅकबेरीच्या काट्यांशी झुंजत होते. धुराड्याची बाजू डोरीनकडे होती.

"बाबांना बाहेर काढ, मंजिरी. घरात बसून माणूस आंबतो," ती आठवडाभर म्हणत होती. म्हणून माझ्या नवऱ्याने, प्रतापने, पहाटे आमच्या घरून, पेंडल हिलहून, गाडी काढली, आणि बाबा मागच्या सीटवर स्वेटरवर स्वेटर घालून बसून आले.

"काका, तुम्ही इथे खुर्चीत बसा," डोरीन म्हणाली. "हे सगळं प्रिव्हेट, कुंपणातून सुटून माजलेलं. आज आडवं करायचंय."

बाबांनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. ते सरळ झुडपापाशी गेले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एक पान घेऊन बाहेर आले. ते उजेडाकडे धरलं. उलटं केलं. नखाने देठ दाबला.

"लायलॅक," बाबा म्हणाले.

"प्रिव्हेट, काका."

"सिरिंगा व्हल्गॅरिस. बाई, मी हे शिकवलंय."

"आणि मी हे कापलंय."

प्रताप हसला. बाबाही हसले असते, वर्षापूर्वी.

---

इथे मागे जावं लागेल. चावीत मागे जाता येत नाही, पण जावं लागेल.

आई गेल्यावर बाबा कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. उत्तम चाललं होतं, असं ते सांगत. मग गेल्या वर्षी गॅस चालू राहिला. शेजारच्या शाल्मलीला वास आला म्हणून निभावलं. पुढच्याच महिन्यात बँकेत निघालेले बाबा पर्वतीच्या पायथ्याशी सापडले, एका दुकानाच्या पायरीवर बसलेले. बँक कुठे गेली म्हणून वाट बघत होते, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. मी विमानाने गेले आणि त्यांना घेऊन आले. तात्पुरतं म्हणून. आता व्हिसाची मुदत संपत आली होती. मुदतवाढीचे कागद मी तयार ठेवले होते, आणि बाबा सही करत नव्हते.

"मला घरी जायचंय," एवढंच.

"बाबा, तिथे तुमच्याकडे बघायला कोण आहे?"

"मला घरी जायचंय."

आमच्या डॉक्टरने त्यांची छोटी परीक्षा घेतली होती. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढा. बाबांनी घड्याळ काढलं. सुंदर काढलं. आकडे उलट्या क्रमाने होते.

आणि आता ते हातात पान घेऊन माझ्यासमोर उभे होते.

"मंजिरी, त्या पोरगेल्या डॉक्टरने मला घड्याळ काढायला लावलं. मी घड्याळजी आहे का? माझी परीक्षा घ्यायची तर माझ्या विषयात घे." त्यांनी पान वर धरलं. "हे लायलॅक असेल तर मी पुण्याला जातो. प्रिव्हेट असेल तर तू म्हणशील तिथे सही करतो आणि पुन्हा विषय काढत नाही."

"बाबा, पैज कसली लावताय."

"पैज नाही. परीक्षा. घाबरतेस?"

मी परीक्षेला हो म्हटलं. घाबरत नव्हते म्हणून हो म्हटलं. डोरीन गेली कित्येक वर्षं प्रिव्हेट कापतेय. तिला चुकायचं काही कारण नव्हतं. शिवाय मला एक गोष्ट माहीत होती, जी मी तेव्हा बोलले नाही. प्रताप बोलला.

"बाबा, पण तुम्ही लायलॅक बघितलंय कुठे?"

बाबांनी पान पुन्हा उलटं केलं.

"बघितलेलं नाही," ते म्हणाले.

खरंच बघितलेलं नव्हतं. त्यांचं पुस्तक इंग्रजांनी लिहिलेलं होतं, त्यातली उदाहरणं इंग्रजांच्या बागेतली. फांदीच्या टोकाला डोळा, म्हणजे कोंब, कसा असतो हे सांगायला पुस्तकात लायलॅक होतं, जांभळ्या सुवासिक फुलांचं, म्हणून फळ्यावर लायलॅक असायचं. दर जुलैत बाबा ते खडूने काढायचे. टोकाला मधला डोळा नाही, दोन्ही बाजूंना दोन. म्हणून फांदी पुढे दुभंगते. पिढ्यानपिढ्या पोरांनी ते वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं, आणि त्यातल्या एकानेही लायलॅक पाहिलं नाही. शिकवणाऱ्यानेही नाही.

"दारात पारिजातक होता ना? त्याच घराण्यातला. तो का नाही शिकवलात?" मी एकदा लहानपणी विचारलं होतं.

"सिलॅबसला नव्हता," बाबा म्हणाले होते.

---

२. पानाचं बूड हृदयासारखं . . . . . . . . लायलॅक (बहुतेक)
२. पानाचं बूड निमुळतं किंवा गोल . . . . . . . . ३

"ॲपला विचारू," प्रताप म्हणाला. तो आयटीतला. त्याच्या मते जगात दोनच प्रकारचे प्रश्न असतात, ॲपला विचारलेले आणि अजून न विचारलेले.

बाबांनी तळहातावर पान धरलं. प्रतापने फोटो काढला. ॲप म्हणालं, लायलॅक.

"बघ," बाबा म्हणाले.

"थांबा हां, काका." डोरीनने कडेच्या फांदीचं एक पान तोडून धरलं. प्रतापने फोटो काढला. ॲप म्हणालं, प्रिव्हेट.

"अरे, एकच झुडूप ना?" मी म्हटलं.

प्रतापने लांब जाऊन अख्ख्या झुडपाचा फोटो काढला. ॲप म्हणालं, नीट ओळखता आलं नाही, जवळून काढा.

"माझ्या लग्नाच्या फोटोंना पण असंच म्हणायला हवं होतं," प्रताप म्हणाला, आणि कुणी हसलं नाही.

लॅबमध्ये मी दिवसभर काचेवरच्या पेशी बघते. शंका आली की काच दुसऱ्याला दाखवते. दोघांचं मत जुळलं नाही तर तिसऱ्याला. तिसरा नेहमी असतो. इथे तिसरा फोन होता, आणि तो दोघांच्याही बाजूने बोलत होता.

"ते पान द्या बघू, दोन्ही शेजारी ठेवू," मी म्हटलं.

बाबांच्या हातात पान नव्हतं. फोटोच्या गडबडीत ते खाली पडलं असावं. खाली पानांचाच सडा होता, आणि त्यात आम्हा चौघांचे बूट. आम्ही वाकून शोधलं. तसलं पान सापडलं नाही, किंवा सापडलंही असेल. चिखलातलं कुठलंही पान हृदयासारखं दिसतं, असं वाटायचं असेल तर.

"फोटो आहे ना," बाबा म्हणाले.

फोटोत त्यांचा अंगठा होता. नेमका पानाच्या बुडावर.

"दुसरं काढतो," बाबा म्हणाले. या वेळी त्यांनी कडेची फांदी धरली आणि पान तोडलं. ते लहान होतं, चकचकीत होतं, आणि त्याचं बूड गोल होतं.

बाबा त्या पानाकडे बघत राहिले.

"मघाशी हृदयासारखं होतं," ते हळू म्हणाले.

डोरीनने माझ्याकडे बघितलं. रोज पेशंट सांभाळणारी बाई ती; तिचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ झाला हेच मला सहन होईना. "असेल काका. उजेड वेगळा असेल."

"उजेडाने बूड बदलत नाही."

"नाही बदलत."

"मग मी काय बघितलं?"

प्रतापने फोन खिशात टाकला.

३. फळ रसाळ, काळं . . . . . . . . प्रिव्हेट
३. फळ कोरडं, तपकिरी, चोचीसारखं उकलणारं . . . . . . . . लायलॅक

डोरीनने एक वरची फांदी वाकवून खाली आणली. तिच्यावर काळ्या-निळ्या फळांचे घोस होते, करवंदांची पिल्लं असावीत तसे. तिने एक चिरडलं. बोट जांभळं झालं.

हे तिने जिंकायला केलं नाही, हे मला लिहून ठेवायचंय. तिला वाटलं काकांना शास्त्र दाखवलं की बरं वाटेल.

बाबांनी फळ हातात घेतलं, वास घेतला, बी बघितली. पुढचं ते वर्गात बोलायचे तसं बोलले, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"लायलॅकला असं फळ येत नाही. हे लिगस्ट्रम. प्रिव्हेट. डोरीनबाईंचं बरोबर आहे. माझं चुकलं." आणि मग माझ्याकडे वळून, साध्या आवाजात: "सही कुठे करायची ते घरी दाखव."

ते जाऊन खुर्चीत बसले. मघाशी ज्या खुर्चीकडे त्यांनी बघितलं नव्हतं, तिच्यात.

---

मी जिंकले होते.

(इथे एक परिच्छेद असायला हवा, मला काय वाटलं याचा. सुटका. वाईट. सुटकेचं वाईट. बाबांच्या खोलीसाठी नवा पडदा घ्यायचा राहिलाय. बाबा राहणार. बाबा मनाविरुद्ध राहणार. थर्मासमधला चहा गार होतोय. यातलं आधी काय वाटलं ते ठरवता येत नाही, म्हणून परिच्छेद नाही.)

डोरीनने करवत चालवायला घेतली. तिने कडेपासून सुरुवात केली. एक खोड, निळं बोट, दुसरं खोड, निळं बोट. कापलेल्या फांद्या मी ओढून धुराड्यापाशी ढीग करत होते. प्रताप बाबांना चहा देत होता. बाबांनी कप दोन्ही हातांत धरला होता आणि चहाकडे बघत होते.

झुडूप आत-आत उघडं होत गेलं. आणि मधे, बाकीच्यांच्या गर्दीत, मला एक वेगळं खोड दिसलं. करड्या रंगाचं, पीळ पडलेलं, साल उभी फाटत गेलेली. त्याच्या फांद्या इतरांमध्ये इतक्या गुंतल्या होत्या की बाहेरून त्यांचं काही वेगळं कळायचं कारण नव्हतं. उन्हासाठी ते खोड वर-वर गेलं होतं. शेंड्याला एक वाळका तुरा होता.

मी फांदी खाली ओढली. तुऱ्यात काळं फळ एकही नव्हतं. छोट्या तपकिरी चोची होत्या, उघडलेल्या, रिकाम्या. फांदीच्या टोकाला मधला डोळा नव्हता. दोन होते, दोन्ही बाजूंना एकेक, फुगीर, हिरवट.

हे चित्र मी पाहिलेलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर, पेपर तपासताना बाबा मला लाल पेनने काढून दाखवायचे.

डोरीनची करवत दुसऱ्या बाजूने येत होती. तिला मी दिसत होते, फांदी दिसत नव्हती. "बाजूला हो गं, हे मधलं जाडं घेते," ती म्हणाली.

४. ओरडायचं . . . . . . . . ५
४. गप्प बसायचं . . . . . . . . घर, सही, पडदा

करवतीचे दात सालीला लागले. एकदा मागे, एकदा पुढे. पांढरा भुसा पडला. मला सगळं दिसत होतं. गप्प बसणं इतकं सोपं होतं. काही करायचंच नव्हतं. कुणालाही कधी कळलं नसतं. बाबा सुरक्षित राहिले असते, माझ्या डोळ्यांसमोर, पुण्यातल्या गॅसपासून लांब. तिथे खुर्चीत ते अजून चहाकडे बघत होते. मघाशी आपण काय बघितलं हे शोधत.

"थांब," मी म्हटलं. आवाज फुटला नाही. "डोरीन, थांब! थांब!"

---

५.

पाचला जोडी नाही. पाचला चावी मोडली.

कारण बाबा आले, त्यांनी फांदी बघितली, चोची बघितल्या, आणि काहीच म्हणाले नाहीत. आनंद नाही, बघ म्हटलं नाही. ते गुडघ्यांवर बसले. मी धरायला गेले तर हात झटकला. त्यांनी बुंध्याशी साचलेली पानं दोन्ही हातांनी बाजूला केली, मग माती. नखं काळी झाली. जमिनीलगत, करड्या खोडाच्या तळाशी, एक जाड गाठ होती, सुजलेल्या गुडघ्यासारखी. गाठीच्या वर लायलॅक. गाठीच्या खालून, चारी बाजूंनी, प्रिव्हेट.

"कलम," बाबा म्हणाले.

"काय?"

"कलम आहे हे. प्रिव्हेटच्या खुंटावर लायलॅक बांधलेलं. तेव्हाचे माळी करत असत, प्रिव्हेट लवकर वाढतं म्हणून. घर गेलं, बघणारं कुणी राहिलं नाही, आणि खुंट खालून फुटला."

डोरीन करवत टाकून खाली बसली. "म्हणजे आमच्या वाडीतल्या चिकूसारखं! रायणीच्या खुंटावर चिकू. माझा बाप रोज ओरडायचा, खालची फूट काढा, नाहीतर चिकू जाईल आणि रायण राहील." तिने कपाळावर हात मारला, आणि कपाळ निळं झालं. "मला कळायला हवं होतं, काका. कलमाच्या वाडीत वाढले मी."

"मला कळायला हवं होतं," बाबा म्हणाले. "पहिलं पान मी आतलं काढलं. दुसरं कडेचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दोन्ही मी नीट बघितली होती."

"हो, बाबा."

"मी नीट बघितली होती, मंजिरी."

"हो."

मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "बाई, तुमचं ते निळं औषध. ते कुठे जातं?"

"मुळात..." म्हणता म्हणता डोरीन थांबली.

मूळ एकच होतं.

त्यापुढची धावपळ मला तुकड्यांतच आठवते. डोरीन जिथे-जिथे निळं बोट फिरलं होतं तिथलं खोड आणखी खालून कापत होती, देवा रे, देवा रे म्हणत. प्रताप निळे ठोकळे लांब फेकत होता. बाबा चारी बाजूंनी बोट दाखवत होते, हे, आता हे, ते नको ते लायलॅकचं, हे. ते घाईत होते, घामाघूम होते, आणि गेल्या वर्षभरात मी त्यांना इतकं ठणठणीत बघितलं नव्हतं.

"वाचेल?" डोरीनने विचारलं.

"सांगता येत नाही."

"फुलेल?"

"ऑक्टोबरात कळेल. जगलं तर."

मग ते उठले, माझा हात धरून, आणि गुडघे झाडत म्हणाले, "तुझी आई कुठे गेली? तिला दाखवायला हवं हे."

---

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. प्रतापनेच विषय काढला, लिथगो गाव दिसायला लागल्यावर.

"मग पैजेचं काय झालं?"

"परीक्षेचं," बाबा म्हणाले. "दोन्ही उत्तरं बरोबर. म्हणजे प्रश्न चुकीचा होता. असा प्रश्न रद्द करतात." ते पुढे वाकले. "मंजिरी, आता झुडपावर ढकलू नकोस. तू ठरव."

मी आरशात त्यांच्याकडे बघितलं. कानाशी माती लागलेली होती.

"तुम्ही गेलात तर गॅसचं काय?"

"गॅस काढून टाकायचा. विजेची शेगडी घ्यायची, आपोआप बंद होणारी. शाल्मलीच्या घरी तसली आहे."

"आणि बँक?"

"बँकेत मी जाणार नाही. शाल्मलीचा नवरा जाईल. त्याच्याशी बोलून ठेवलंय."

"कधी बोललात?"

"तू कामावर असताना. मला फोन करता येतो."

प्रतापने भुवया उंचावल्या. हे सगळं नीट होतं. एका वेळी एक प्रश्न, प्रत्येकाला उत्तर. मला वाटलं आता मी हो म्हणेन, म्हणायलाच हवं.

"आणि तुझी आई आहेच," बाबा म्हणाले.

प्रतापने आरशात बघितलं, मीही.

"असं बघू नका दोघं," बाबा म्हणाले. "ती गेली हे मला माहीत आहे. मी तिला पोचवून आलोय. पण घरी मी ओट्यापासून हललो की ती विचारते, गॅस बंद केलात का. मग मी मागे फिरतो. किल्ली घेतलीत का. मग मी घेतो. इथे कुणी विचारत नाही."

"मी विचारते की, बाबा. सारखी विचारते."

"तू कामावरून, फोनवर विचारतेस. ती स्वयंपाकघरातून विचारते. आणि इथलं स्वयंपाकघर तिला माहीत नाही. ती इथे कधी आलीच नाही."

खरं होतं. आई इथे कधी आली नव्हती. दर वर्षी पुढच्या वर्षी येते म्हणायची.

"मग गेल्या वर्षी?" मी विचारलं. "गेल्या वर्षी गॅस चालू राहिला, तेव्हा तिने का नाही विचारलं?"

"तेव्हा आमचं भांडण चाललं होतं."

प्रताप हसला, मग हसणं गिळलं.

"कशावरून?"

"ते तुला कशाला?"

६. बाबांना भास होतात
६. बाबांना आई आठवते

याच्यापुढे आकडे नाहीत. मी शोधले. लॅबमध्ये असते तर ही काच तिसऱ्याला दाखवली असती. तिसरा गाडी चालवत होता, डोळे रस्त्यावर, आणि त्यालाही काही माहीत नव्हतं. बाबांची पहिली दोन उत्तरं बरोबर होती. तिसरं उत्तर चूक होतं, किंवा तेच एक बरोबर होतं आणि त्याच्याशिवाय पहिल्या दोघांना अर्थ नव्हता. झुडपापाशी मी ओरडले तेव्हा मला वाटलं होतं, जे खरं आहे ते सांगून टाकलं की पुढचं आपोआप ठरेल. खरं काय ते सांगून झालं होतं. काहीच ठरलं नव्हतं. तरी मघाशी खुर्चीत बसलेला, आपलंच पान कुठे गेलं हे चहात शोधणारा माणूस मला परत घरी न्यायचा नव्हता. माझ्या घरी तर मुळीच नाही.

"जा, बाबा," मी म्हटलं.

"कुठे?"

प्रतापने गाडीचा वेग कमी केला. मी मागे वळले. बाबा माझ्याकडे बघत होते, शांत, उत्तराची वाट बघत, आणि त्यांच्या तोंडावरून मला काही म्हणजे काही कळेना.

"पुण्याला," मी म्हटलं.

"मग तसं म्हण ना." त्यांनी स्वेटरची बटणं लावायला घेतली. "मला वाटलं, इथेच उतर म्हणतेस. इथे फार थंडी आहे."

प्रतापने हीटर वाढवला.